हजर असूनही गैरहजर

दुसरीच्या वर्गात हजेरी चालू होती. माझ्या लेकीचं नाव आलं. तिला 'हजर' म्हणायचं होतं. 'ह' घशात अडकला. मान ताणली गेली, डोळे मिटले, पाय जमिनीवर आपटला, पण शब्द काही बाहेर पडेना. बाईंनी पुन्हा एकदा नाव घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्या महिन्यात माझी लेक अकरा दिवस गैरहजर लागली. ती रोज शाळेत होती. मला हे कळलं ते प्रगतिपुस्तकावर सही करताना.

बाई दुष्ट नव्हत्या. एका खोलीत दोन वर्ग, मान रजिस्टरात, आवाज आला की खूण करायची, नाही आला की पुढे जायचं. मी विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, ती बोलतच नाही, मी काय करू? बाकी मुलगी फार गुणी आहे बरं का. वर्गात अजिबात आवाज नाही तिचा."

आवाज नाही म्हणून गुणी! हे वाक्य मी त्या दिवशी घरी घेऊन आले आणि अजून ते डोक्यातून गेलेलं नाही.

पुढच्या तालुका बैठकीत मी हा विषय काढला. आमची एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "ताई, वाईट वाटते वो. पण हा तुमचा घरचा प्रश्न झाला. आपल्यापुढं दारू हाये, हुंडा हाये, कर्जापायी फास घेतलेल्याच्या बायका हायेत. त्यात लेकराचा तोतरेपणा कुठं बसवाचा?" मी तेव्हा गप्प बसले. तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, 'घरचा प्रश्न' हे शब्द आपण याआधी कुठे ऐकले आहेत? नवरा मारतो, हा घरचा प्रश्न होता. मूलबाळ होत नाही, घरचा प्रश्न होता. ज्याला घरचा प्रश्न म्हणतात, तिथे बहुतेक वेळा एक बाई एकटी सोडलेली असते. इथेही तेच आहे.

दोष कोणाचा? आईचा!

लेक तीन-साडेतीन वर्षांची असताना अडखळायला लागली आणि घरात न्यायालय भरलं. आरोपी एकच. पोटात असताना भांडलीस म्हणून. अंगावरचं दूध लवकर तोडलंस म्हणून. आणि माझ्या बाबतीत आणखी एक कलम होतं: "मीटिंगा करत हिंडतेस, लेकराशी बोलायला वेळ कुठे आहे तुला?" जी आई घरी बसून असते तिला सांगतात, तू लेकराला फार धाक लावतेस. धाक न लावणारीला सांगतात, फार लाडावून ठेवलंस. निकाल आधी ठरलेला असतो, कारणं नंतर शोधतात.

मग उपाय सुरू झाले. वेखंड उगाळून मधातून जिभेवर. तोंडात खडे धरून बोलणं. कोणी म्हणालं, जिभेखालची शीर कापून आणा. उपास मी धरले, नवस मी बोलले, फेडायला चालत मीच गेले. गंमत अशी की माझे चुलत सासरे आयुष्यभर अडखळत बोलले. कोणी त्यांचं नाव काढलं नाही.

हा प्रकार अडाण्यांच्या घरातच होतो असं समजू नका. १९३९ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात २२ मुलांवर एक प्रयोग झाला. वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकांच्या हाताखाली एका विद्यार्थिनीने तो केला. त्यात नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही मुद्दाम सांगितलं गेलं की तुम्ही तोतरे आहात, चूक होणार असेल तर तोंडच उघडू नका. मुलं बोलायची थांबली, वर्गात मागे पडली. ती अनाथ होती, त्यांच्यासाठी भांडायला कोणी नव्हतं. २००१ साली वर्तमानपत्रांनी हे उघड केलं आणि २००७ साली आयोवा राज्याला नुकसानभरपाई द्यावी लागली.

याच जॉन्सन यांचा सिद्धांत पुढे कितीतरी वर्षं शिकवला गेला. काय, तर लहान मूल साधंच अडखळतं, पण आईबाप त्याची काळजी करतात, टोकतात, आणि त्या काळजीतूनच तोतरेपणा जन्मतो. आता मुलाजवळ दिवसभर कोण असतं? काळजी कोण करतं? म्हणजे आमच्या ओसरीवरच्या म्हाताऱ्या आणि अमेरिकेतले विद्वान, दोघांचं बोट एकाच दिशेला.

आज काय माहीत आहे ते स्पष्ट सांगते, कारण हे प्रत्येक आईला सांगायला हवं. तोतरेपणा आईच्या वागण्यातून जन्मत नाही. तो बऱ्याचदा घराण्यात असतो. २०१० साली, पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सुरू झालेल्या संशोधनात, तोतरेपणाशी जोडलेले जनुकांतले बदल प्रथम सापडले. बोलण्याची जुळणी करणारं मेंदूचं काम अशा मुलांमध्ये थोडं वेगळं चालतं, हेही दिसलं आहे. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. भीतीने तो जन्मत नाही, पण भीतीने वाढतो. टोकणं, हसणं, घाई करणं यांनी मूल मिटत जातं. आयोवाची मुलं हेच सांगून गेली.

तेव्हा माझ्या चुलत सासऱ्यांचाही दोष नाही आणि माझाही नाही. इथे दोष कोणाचा नाहीच. हे एक वाक्य घराघरात पोचवलं तरी आपल्या संघटनेने पुष्कळ केलं, असं मी म्हणेन.

'मोठी झाली की जाईल'

हा सगळ्यांचा आवडता सल्ला. तो खोटा नाही, अर्धा आहे, म्हणून जास्त घातक आहे. शंभरातली पाच-सहा मुलं तरी दोन ते पाच या वयात कधी ना कधी अडखळतात. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांचं अडखळणं पुढे जातंही. पण सातव्या-आठव्या वर्षीही जे मूल अडखळतं, त्याचं आपोआप जाण्याची आशा कमी कमी होत जाते. तीन वर्षांच्या मुलाच्या आईला 'घाबरू नका, पण लक्ष ठेवा' म्हणणं ठीक. तिसरीतल्या मुलाच्या आईला 'वाट बघा' म्हणणं म्हणजे त्याची शाळेची वर्षं वाया घालवणं.

मोठ्या माणसांत शंभरात एक तोतरं असतं असं धरतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. म्हणजे जिल्ह्यात सत्तावीस हजारांच्या घरात माणसं. कुठे आहेत ती? बैठकीत मागच्या रांगेत आहेत. दुकानात बोटाने वस्तू दाखवत आहेत. माझ्या लेकीला तेल आणायला पाठवलं तर ती साखर घेऊन आली होती. घरात सगळे वेंधळी म्हणून हसले. तिचा 'त' निघत नव्हता, म्हणून जे निघालं ते तिने मागितलं. एवढंसं लेकरू मनातल्या मनात शब्द बदलत, चुकवत, लपवत जगत होतं आणि आम्ही तिला वेंधळी म्हणत होतो.

मुलगी तोतरी असते तेव्हा

लहान वयात मुलगे आणि मुली यांच्या तोतरेपणात फार मोठा फरक नसतो. पण मुलींचा पुष्कळदा बरा होतो आणि मोठेपणी चार पुरुषांमागे एक बाई असं प्रमाण राहतं. म्हणून हा मुलांचा आजार समजला जातो. आणि जी मुलगी अडखळतच राहते तिच्याकडे कोणी पाहत नाही. मुलगा तोतरा असेल तर घर हलतं. याला नोकरी कोण देईल, चारचौघांत बोलेल कसा? मुलगी तोतरी असेल तर ती गप्प राहते, आणि मुलीचं गप्प राहणं हा आपल्याकडे दागिना आहे. गुणी मुलगी. आवाज नाही तिचा.

हा दागिना एकाच दिवशी टोचतो: मुलगी दाखवायच्या दिवशी. "नाव काय बाळ?" आणि तोतऱ्या माणसाला सगळ्यांत कठीण शब्द असतो स्वतःचं नाव, कारण तो बदलता येत नाही. पुढे लग्नात उखाणा. भरल्या मांडवात सगळे कान टवकारून बसलेले आणि नवरीने नवऱ्याचं नाव घ्यायचं. एका मुलीने मला सांगितलं, "ताई, मले लग्नाची भीती नोयती, नाव घ्याची होती." त्या दिवसासाठी ती महिनाभर रात्री जागली होती.

बोली कोणती, अडखळणं कोणतं

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागात कोलामी आणि गोंडी बोलणारी मुलं शाळेत येतात. पुसद-दिग्रसकडे बंजारा तांड्यांवरची गोरमाटी बोलणारी मुलं येतात. पहिलीत एकदम मराठी. कोलामी मूल मराठी शब्द शोधत थांबलं की गुरुजी म्हणतात, हे तोतरं आहे, नाहीतर मंद आहे. उलट खरोखर तोतरं असलेलं मूल थांबलं की म्हणतात, त्याला मराठी येत नाही, येईल हळूहळू. दोन्हीकडून मूलच बुडतं. ओळखायची खूण साधी आहे. आपल्या बोलीत, आपल्या आईशी बोलताना ते अडखळतं का? पहिला आवाज पुन्हा पुन्हा येतो का, लांबतो का, की कोंडतो? हे सांगू शकते ती आईच. आणि तिला कोणी विचारत नाही, कारण तिलाही मराठी नीट येत नाही.

वाचोपचार म्हणजे काय

एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'तोतरेपणा सात दिवसांत बरा, गॅरंटी' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. त्यांना पैसे देऊ नका. शाळकरी वयातला तोतरेपणा सात दिवसांत जात नाही, आणि गॅरंटी देणारा माणूस भेटलाच तर तिथून निघा.

आम्ही शेवटी नागपूरला एका वाचोपचार तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या माझ्याशी आधी बोलल्याच नाहीत. लेकीशी बोलल्या. ती अडकली तेव्हा त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, नजर वळवली नाही, घड्याळ पाहिलं नाही. थांबल्या. माझ्या लेकीचं वाक्य पहिल्यांदा कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते मी नव्हते, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. चार वर्षं मी तिचे शब्द तोंडातून काढून घेत होते, मायेने.

पुढे जे शिकवलं ते जादूचं नव्हतं. कोंडल्यावर जोर न लावता श्वास सोडत आवाज हळू सुरू करायचा. ओठ-जीभ अलगद टेकवायची. वाक्याचे तुकडे पाडून मधे थांबायचं. अडकलेला शब्द ढकलायच्या ऐवजी त्यातून सावकाश निसटायचं. आणि मला सगळ्यांत नवल वाटलं ते हे, की मुद्दाम तोतरं बोलून बघायचं, म्हणजे त्याची भीती मोडते. चिडवणाऱ्या मुलांना काय उत्तर द्यायचं त्याचीही तालीम झाली. "हो, मी अडखळते. थांब, सांगते." एवढंच उत्तर. पण ते द्यायला ती पाच महिने शिकत होती.

त्या बाईंनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली: तोतरेपणा पुसून टाकणं हे आपलं ध्येय नाही. ती जास्त बोलेल, कमी लपेल, हे ध्येय. स्वतः अडखळणाऱ्या माणसांनी २००८ च्या सुमारास उभी केलेली 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही संघटनाही हेच म्हणते. लपू नका, आहे तसे बोला.

आता माझं भांडण. घरी रोज पंधरा मिनिटांचा सराव होता. कागदावर लिहिलं होतं, 'आईने करून घ्यावा'. का? बापाला तोंड नाही? नागपूरला न्यायचं कोणी? आईने. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं हे खरं, पण कापूस वेचणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी कोण भरून देतं? माझी एक शेजारीण तिच्या मुलाला दोनदा घेऊन गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. लोक म्हणाले, आईलाच हौस नाही. तिची दोन दिवसांची वेचणी गेली होती, घरी शिव्या खाल्ल्या होत्या, त्याची गोष्ट कोणी केली नाही. उपचार हवेतच. पण ते आईच्या पाठीवर आणखी एक पोतं म्हणून नकोत. माझ्या नवऱ्याशी मी यावर आठवडाभर भांडले. आता शनिवार-रविवारचा सराव तो घेतो, आणि बरा घेतो.

सरकार कुठे आहे?

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे, वर्षातून एकदा शाळेत पथक येतं. जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र आणि त्यात वाचोपचार तज्ज्ञ असावा अशी त्याची रचना आहे. त्यांच्या यादीत ऐकू न येणं आहे, भाषा उशिरा येणं आहे. तोतरेपणाचं वेगळं नाव नाही. पथक रांगेत दात बघतं, डोळे बघतं, वजन घेतं. गप्प मूल त्या रांगेतून गप्पच पुढे सरकतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे, पण व्याख्या आहे कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मेंदूच्या कारणाने आलेल्या दिव्यांगत्वाची, आणि उदाहरणं आहेत स्वरयंत्र काढलेल्यांची आणि वाचा गेलेल्यांची. तोतऱ्या मुलाला त्या व्याख्येत सहजी जागा नाही. मग दहावीला भाषेच्या शंभरातले वीस गुण तोंडी आणि अंतर्गत कामावर असतात, तिथे ते काय करतं? उत्तर माहीत असून गुण घालवतं.

आम्ही मुलांना दिव्यांग म्हणा असा हट्ट धरत नाही. आमचं मागणं एवढंच: प्रमाणपत्र असो नसो, मुलाला वेळ द्या.

आणि आपण?

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली, कोणाला बोलू द्यायचं हे कोण ठरवणार? पुढे ते उद्घाटन आपल्या जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या वैशाली येडे यांनी केलं. आपल्याला अभिमान वाटला. वाटायलाच हवा.

पण आपल्या बैठकीत काय होतं? जी फाडफाड बोलते ती नेता होते. माईक तिच्याकडे जातो. जी अडखळते तिला मी स्वतः, या हातांनी, म्हटलं आहे, "ताई, थोडक्यात सांगा, वेळ झाला." ती बाई खाली बसली आणि पुढच्या शिबिराला आली नाही. ती तोतरी होती हे मला माझी लेक अडखळायला लागल्यावर, वर्षांनी उमगलं. 'बोला, आवाज उठवा' अशा घोषणा देणाऱ्या आपण, आवाज म्हणजे न अडखळणारा आवाज असंच समजून बसलो होतो. आणि कोणी घाबरून बोलला की 'त-त-प-प करतो' म्हणून हसणाऱ्याही आपणच.

म्हणून त्या जुन्या मैत्रिणीला माझं उत्तर: हा बाईचाच प्रश्न आहे. दोष बाईच्या माथी, कष्ट बाईच्या पाठी, आणि मुलीचं मुकेपण तिच्या गुणांत जमा. आणखी काय असायला हवं?

करायचं काय? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं शिक्षणहक्क कायद्यातच आहे. तिथे बसलेल्या बायकांनी पुढच्या बैठकीत विचारावं: आपल्या शाळेत किती मुलं अडखळतात? हजेरीला हात वर केलेला चालेल का? तोंडी परीक्षेला जास्त वेळ, किंवा लिहून उत्तर, मिळेल का? केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास या विषयाला द्या, अशी मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावी. वाचोपचार तज्ज्ञाने ठरलेल्या वारी तालुक्याला यावं, म्हणजे सोळा तालुक्यांतल्या आयांना नागपूर गाठावं लागणार नाही, ही मागणी जिल्हा परिषदेकडे न्यावी. २२ ऑक्टोबर हा १९९८ पासून जगभर तोतरेपणाचा जागृती दिवस पाळतात. त्या दिवशी मोर्चा नको, एक सभा घेऊ. बोलणारे सगळे अडखळणारे, आणि ऐकणाऱ्यांनी एकच नियम पाळायचा: कोणाचं वाक्य पुरं करायचं नाही.

माझी लेक आता सातवीत आहे. अजून अडखळते. परवा तिच्या वर्गात हजेरी चालू असताना मी दाराशी उभी होते. तिचं नाव आलं. 'ह' अडकला. नव्या बाईंनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि थांबल्या. वर्गही थांबला. मग ती म्हणाली, "ह...हजर."

रजिस्टरात खूण झाली. याला किती वेळ लागला म्हणता? आपण घोटभर चहा पितो तेवढासुद्धा नाही.